वसुमतीअक्कांचा बिनगर्दीचा दसरा

मे महिना लागला की आमची जयनगरातली अख्खी गल्ली सामान बांधायला घ्यायची. कुणी उटीला, कुणी तिरुपतीला, कुणी मुलाबाळांना घेऊन गोव्याच्या समुद्रावर. एकामागून एक घरांना कुलपं लागायची. त्या दिवसांत आमच्या घरमालकीणबाई, वसुमतीअक्का, गच्चीवर निवांत सांडगे घालत बसलेल्या असायच्या. मग जून सरत आला, शाळा सुरू झाल्या, प्रवासाला गेलेली मंडळी रापलेले चेहरे आणि बिघडलेली पोटं घेऊन परतली की अक्का कपाटावरची बॅग खाली काढून तिच्यावरची धूळ झटकायच्या.

आम्ही चौऱ्याण्णव साली पुण्याहून बंगलोरला आलो. माझा नवरा शंतनु याला इथल्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती. परक्या गावात मराठी घरमालक मिळाले याचाच आम्हाला कोण आनंद. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आमच्या, खाली ते. अक्कांचे यजमान रघुजी यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगलोरातच मुरलेलं. त्यांचं शिवाजीनगरात शिंपीकामाचं दुकान होतं, कोट आणि शाळांचे गणवेश शिवायचं. बोलायचे मराठी, पण त्यात कानडी ‘स्वल्प’, म्हणजे थोडं, आणि ‘सरी’, म्हणजे बरं, इतके सहज यायचे की महिन्याभरात मीही भाजीवाल्याला ‘स्वल्प कमी करा’ म्हणायला लागले. अक्का मूळच्या निपाणीच्या. उंच, सावळ्या, चालताना मान ताठ. सासरे आप्पाजी काळी टोपी आणि कोट घातल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकत नसत. आणि या तिघांच्या मध्ये अक्कांची लेक भार्गवी. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल.

भार्गवी फार कमी बोलायची. पाचव्या वर्षापर्यंत तर तिच्या तोंडून शब्दच फुटला नव्हता. तिला आवाज सोसायचा नाही. मिक्सर लावायचा असला तर अक्का आधी तिला मागच्या अंगणात पाठवायच्या. दिवाळीत घरातली सगळी गोधड्या-पांघरुणं एका खोलीच्या खिडक्यांवर टांगली जायची. आणि माणसांची गर्दी तर नकोच. चारच्या ठिकाणी दहा माणसं झाली की ती कानांवर हात दाबून खाली बसायची आणि मग जे ओरडणं सुरू व्हायचं ते तिथून बाहेर काढेपर्यंत थांबायचं नाही. हे नेमकं काय आहे, ते तेव्हा कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. एक डॉक्टर म्हणाले वाढ उशिरा होतेय, दुसरे म्हणाले लाड कमी करा.

आम्ही यायच्या दोन वर्षं आधी काय घडलं ते अक्कांनी मला एकदा शेंगा सोलता सोलता सांगितलं. लालबागेतलं फुलांचं प्रदर्शन बघायला सगळे गेले होते. सुट्टीचा दिवस. काचघराच्या दारात भार्गवी आडवी झाली. भोवती माणसांचं कडं पडलं. कुणी कांदा हुंगवा म्हणालं, कुणी अंगात आलंय म्हणालं, एका बाईनं तर अक्कांनाच वळण लावता येत नाही म्हणून सुनावलं. रघुजींनी लेकीला खांद्यावर घातलं आणि वाट काढत बाहेर आणलं. आप्पाजी तेवढा वेळ लांब एका झाडाखाली पाठ करून उभे होते, जणू ते दुसऱ्याच कुणाबरोबर आले होते.

त्यानंतर ठरूनच गेलं. भार्गवीला कुठे न्यायचं नाही. नात्यातल्या एका मुलाचं जावळ काढायला सगळं घराणं तिरुपतीला निघालं, तेव्हा आप्पाजींनीच सांगून टाकलं, तिला कशाला त्रास, सुनबाई आणि ती घरी राहतील. त्या राहिल्या. चार दिवसांनी मंडळी लाडू घेऊन परत आली. अक्कांनी सगळ्यांना जेवू घातलं, भांडी आवरली आणि मग ओसरीत येऊन उभ्या राहिल्या.

“माझी मुलगी गर्दीला भिते,” त्या म्हणाल्या. “गावांना भीत न्हाई. पुढच्या वेळी घराला कुलूप लावून निघायचं. मागं कुणी राहायचं न्हाई.”

आप्पाजींनी वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. रघुजी मात्र बायकोकडे बघून म्हणाले, सरी.

म्हणायला सोपं होतं. जी गावं बघायची ती सगळी नावाजलेली, आणि नावाजलेल्या गावी गर्दी असणारच. आडबाजूची कुठली तरी टेकडी किंवा ओसाड देऊळ शोधता आलं असतं, पण अक्कांना ते मान्य नव्हतं. शेजारच्या मुली मैसूरचा राजवाडा बघतात, नंदीचा डोंगर बघतात, तर भार्गवीनंही तेच बघायचं. दुसऱ्या कुणाची उरलीसुरली जागा तिला नको. बदलायची तर फक्त वेळ बदलायची.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. विचारण्यात त्यांना कसलाच संकोच नव्हता. मॅजेस्टिकच्या बसस्थानकावर जाऊन कंडक्टरला विचारायच्या, तुमची गाडी कुठल्या दिवशी रिकामी जाते. मैसूरहून कुणी पाहुणा आला की त्याला राजवाड्याचं कौतुक सांगू द्यायच्या आणि मग हळूच विचारायच्या, शाळांच्या सहली कधी येतात, सकाळी की दुपारी. कळलं की सहली डिसेंबरात येतात, म्हणजे डिसेंबर बाद. बाजाराचा दिवस बाद, अमावास्या-पौर्णिमा बाद, रविवार तर कायमचाच बाद. पावसाळ्यातला मधलाच एखादा मंगळवार किंवा बुधवार उरायचा, आणि तो अक्कांना चालायचा. गणवेशांचा हंगाम जूनमध्ये संपला की रघुजींचं दुकानही थंडावायचं, तेही जुळून आलं.

शाळेच्या सुट्टीचा प्रश्न होता. भर जुलैत मुलीला घेऊन फिरायला निघालेली आई मुख्याध्यापिकाबाईंनी याआधी पाहिली नव्हती. अक्कांनी त्यांना शांतपणे सांगितलं की वर्गात शेवटच्या बाकावर बसून ती जे शिकते, त्यापेक्षा जास्त ती तिकडे शिकेल, आणि परत आल्यावर काय पाहिलं ते ती काढून दाखवेल. भार्गवीचा हात चित्रात चांगला होता. बाईंनी रजा दिली.

पहिल्यांदा नंदीचा डोंगर झाला. आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहिल्या बसनं. वर धुकं आणि वारा आणि दोन माळी. भार्गवी कठड्याला धरून तासभर ढगांकडे बघत राहिली आणि एकदाही कानाकडे हात नेला नाही. मग श्रवणबेळगोळ झालं, भल्या सकाळी, पायऱ्यांचा दगड थंड असताना. मग मैसूर. राजवाड्याचं दार उघडतं तेव्हा पहिली आत शिरणारी माणसं हीच. बसभरून येणारे प्रवासी हॉटेलात डोसे खात असताना यांचा दरबार हॉल बघून झालेला असायचा. लोक जेवतात तेव्हा बघायचं आणि लोक बघतात तेव्हा जेवायचं, असा अक्कांचा साधा हिशेब होता.

सगळं काही सुरळीत व्हायचं असं नाही. पंचाण्णव सालच्या जुलैत त्यांनी उटीचा बेत केला तेव्हा आम्हालाही चला म्हणाल्या. शंतनूला रजा मिळाली नाही, मी गेले. तीन दिवस आम्ही उटीत होतो आणि तीन दिवसांत उटी मला दिसली नाही. तळं धुक्यात, बाग धुक्यात, समोरचा माणूस धुक्यात. छत्री उलटी होत होती, गाद्या ओलसर होत्या, आप्पाजी दोन कोट घालून खोलीत बसून राहिले. बागेत एका बाकावर मी आणि अक्का शेंगदाणे खात बसलो होतो. अक्का म्हणाल्या, “अंजली, तुला पस्तावा झाला असंल.” मी खरं तेच सांगितलं, की थोडा झालाय. त्या हसल्या आणि बोट दाखवलं. त्या प्रचंड ओल्या हिरवळीवर भार्गवी एकटी धावत होती. हात पसरून, तोंड वर करून. तिला कुणी धक्का देत नव्हतं, तिच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं. ती गात होती. तिला गाता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच प्रवासात परतताना बंदीपूरच्या जंगलात आमची बस थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. समोर रस्त्यावर हत्तीण आली होती, मागे तिचं पिल्लू. बसमधलं कुणी हललंसुद्धा नाही. हत्तीण सावकाश रस्ता ओलांडून गेली, पिल्लू मध्येच थांबलं, सोंड उचलून बसकडे बघितलं आणि पळत आईच्या मागे गेलं. भार्गवीचं नाक खिडकीच्या काचेला चिकटलेलं होतं.

“आने,” ती म्हणाली. शाळेत कानडी असल्यामुळे हत्तीला तिचा शब्द तोच होता. बंगलोर येईपर्यंत ती दुसरं काही बोलली नाही.

त्यानंतर ते घर हत्तींचं झालं. दुकानातून आणलेल्या शिंप्याच्या खडूनं ती कापडाच्या चिंध्यांवर हत्ती काढायची. फरशीवर हत्ती, पाण्याच्या टाकीवर हत्ती, आमच्या जिन्याच्या भिंतीवर पायरीपायरीला एक. दसऱ्याला टीव्हीवर मैसूरची मिरवणूक दाखवली, सजवलेला हत्ती, त्याच्या पाठीवरची सोन्याची अंबारी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांचे डोंगर. रघुजींनी आवाज बंद करून ठेवला होता. भार्गवी टीव्हीला नाक लावून उभी राहिली. मिरवणूक संपल्यावर तिनं आईचा पदर ओढला.

“हा नको. खरा,” ती म्हणाली.

इथे अक्कांचा हिशेब अडला. राजवाडा मंगळवारी बघता येतो, डोंगर पहाटे बघता येतो. पण दसरा एकाच दिवशी येतो आणि त्या दिवशी मैसुरात पाय ठेवायला जागा नसते. रघुजींनी समजूत घातली की प्रत्येक गोष्ट जमायलाच हवी असं काही नाही, प्राणिसंग्रहालयातला हत्ती दाखवू. तो दाखवून झाला. भार्गवीनं साखळी बघितली, तोंड फिरवलं आणि घरी आल्यावर पुन्हा तेच म्हणाली. चालणारा हवा होता तिला, रस्त्यावरून चालणारा.

वर्षभर अक्कांच्या डोक्यात ते घोळत राहिलं. शहाण्णवच्या सप्टेंबरात एके सकाळी त्या मला म्हणाल्या, आज भार्गवीवर जरा लक्ष ठेव, मी मैसूरला जाऊन येते. एकट्याच गेल्या. नवऱ्याला दुकानात फोन करून सांगितलं तेव्हा त्या बसस्थानकावर पोचलेल्या होत्या. संध्याकाळी दिवेलागणीला परत आल्या, त्या वेगळ्याच तेजात. चप्पल काढतानाच सांगायला सुरुवात केली.

राजवाड्याच्या फाटकाबाहेर भाजीच्या गाडीपाशी एक बाई मुलीचे केस विंचरत बसली होती. अक्का तिच्याशेजारी बसल्या. ती माहुताची बायको निघाली. दसऱ्याआधी काही आठवडे जंगलातल्या तळावरून हत्ती मैसूरला आणतात आणि माहुतांचे संसारही त्यांच्याबरोबर येतात. राजवाड्याच्या आवारातच त्यांच्या राहुट्या पडतात. हत्तींना शहराची, रस्त्याची, पाठीवरच्या ओझ्याची सवय व्हावी म्हणून रोज सकाळी त्यांना मिरवणुकीच्याच रस्त्यानं चालवत नेतात. पुढच्या हत्तीच्या पाठीवर अंबारीऐवजी वाळूची पोती असतात. तेच हत्ती, तोच रस्ता, तीच चाल. बघायला कोण असतं म्हणून अक्कांनी विचारलं, तर ती बाई म्हणाली, दूधवाले.

“दसऱ्याला लाखभर माणसं ज्याची पाठ बघतात,” अक्का म्हणाल्या, “त्याचं तोंड माझी भार्गवी बघणार.”

ऑक्टोबरात आम्ही गेलो. यावेळी शंतनूनंही रजा काढली. आप्पाजी येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण आदल्या दिवशी त्यांनी न सांगता टोपीला ब्रश मारून ठेवला. दुपारी मैसूरला पोचल्यावर अक्कांनी आधी रस्ता पाहून घेतला. बाजाराच्या समोर उभं राहायचं नाही, तिथे सकाळी फुलवाले आणि हमाल असतात. बाजार ओलांडून पुढे कापडाच्या दुकानांची ओळ होती, ती उशिरा उघडतात. त्यातल्या एका दुकानाच्या बंद दाराला उंच पायरी होती, मागे भिंत, वर पत्र्याचं छप्पर. कुणी मागून येणार नाही, भार्गवीला पाठ टेकायला जागा. अक्का त्या पायरीवर स्वतः उभ्या राहून बघून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे उभे होतो. झाडलेला ओला रस्ता, सायकलवर दुधाच्या कॅनचा आवाज, एक कुत्रं. भार्गवीनं नवा झगा घातला होता, बापानं शिवलेला, खिशावर हत्ती. ती पायरीवर उभी राहून रस्त्याच्या टोकाकडे बघत होती. थोड्या वेळानं त्या टोकाला काहीतरी करडं हललं.

आणि त्याच वेळी ढोल वाजला.

हत्तींच्या पुढे कुठल्याशा शाळेचं बँडपथक चालत होतं. मिरवणुकीत त्यांनाही वाजवायचं होतं, म्हणून त्यांचीही तालीम त्याच सकाळी, त्याच रस्त्यावर ठेवली होती. आदल्या सकाळपर्यंत ते आलेच नव्हते, त्यामुळे माहुताच्या बायकोला तरी काय माहीत. बंद दुकानांच्या त्या रस्त्यात तो आवाज दोन्हीकडच्या भिंतींवर आपटत होता. वरच्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या, घरांतून माणसं बाहेर आली, फुटपाथ भरू लागला. भार्गवीचे हात कानांवर गेले. गुडघे वाकले. तिच्या तोंडून तो बारीक आवाज निघायला लागला, ज्याच्यापुढचं सगळं आम्हाला ठाऊक होतं.

रघुजी तिला उचलायला वाकले. अक्कांनी त्यांचा हात धरला. त्या भार्गवीच्या समोर खाली बसल्या आणि तिला विचारलं, “जायचं घरी?” भार्गवीनं डोळे घट्ट मिटले होते. तिनं मान हलवली, नाही म्हणून. जायचं नव्हतं, आणि थांबताही येत नव्हतं. अक्कांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. वर्षभराचा बेत, आणि हातात काही नाही.

मी वळून बघितलं तर आप्पाजी जागेवर नव्हते. माझ्या मनात लालबागेतलं ते झाड आलं आणि मला रागच आला. मग ते दिसले. काळी टोपी, कोट, काखेत छत्री, आणि ते रस्त्याच्या बरोबर मधून, येणाऱ्या बँडच्या दिशेनं चालले होते. शंतनु त्यांच्या मागे धावला. बँडमास्तर मागे तोंड करून चालत होता, त्याला हा म्हातारा दिसलाच नाही. आप्पाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं चमकून काठी खाली घेतली. पहिल्या रांगेतली मुलं थबकली.

ते काय बोलले ते मला शंतनूनं नंतर सांगितलं. आवाज न चढवता, स्वच्छ कानडीत ते म्हणाले, “तिथे माझी नात उभी आहे. बेंगळूरहून हत्ती बघायला आली आहे. तिला आवाज सोसत नाही. ती हत्ती बघेपर्यंत स्वल्प वाजवू नका.”

बँडमास्तरानं पायरीकडे पाहिलं.  मग तो मुलांकडे वळला आणि त्यानं काठी आडवी धरली. ढोल थांबले. तुताऱ्या खाली आल्या. ती सगळी मुलं पावलं टाकत, वाद्यं छातीशी धरून, एक अक्षर न बोलता आमच्या समोरून गेली. खिडक्यांतली माणसंही का कोण जाणे गप्प झाली.

त्या शांततेत हत्ती आले. एवढा मोठा प्राणी, पण पाय टेकल्याचा आवाज नाही, फक्त साखळीची किणकिण आणि वाळूच्या पोत्यांची दोरी करकरत होती. भार्गवीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. हात कानांवरून खाली आले. पुढचा हत्ती आमच्या पायरीसमोर आला तेव्हा ती उभी होती, ताठ, आईसारखी मान वर करून. हत्तीनं तिच्याकडे पाहिलं की नाही कोण जाणे, मी तरी पाहिलं म्हणेन.

तो पुढे गेला आणि भार्गवी पायरीवरून उतरली. आम्ही काही म्हणायच्या आत ती फुटपाथवरून त्यांच्या बरोबरीनं चालायला लागली. हत्तीचं एक पाऊल, तिची काही घाईची पावलं. माणसं उभी होती, ती त्यांच्या मधून वाट काढत गेली. कुणाचा धक्का लागला, तिनं लक्षही दिलं नाही. आम्ही तिच्या मागे जवळजवळ पळत होतो. रघुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना वेळ नव्हता. एका दुकानदारानं दार उघडता उघडता विचारलं, ही कुणाची मुलगी. आप्पाजींना धाप लागली होती, तरी त्यांनी थांबून उत्तर दिलं.

“माझी. बेंगळूरच्या आप्पाजींची नात.”

मोठ्या चौकात हत्ती वळले आणि तिथे एक माहूत भार्गवीकडे बघून हसला. ती थांबली. हत्ती दिसेनासे होईपर्यंत बघत राहिली. मग मागे वळून आम्हाला म्हणाली, “भूक लागली.”

इडली खाताना अक्का पहिल्यांदा नीट श्वास घेत असाव्यात. त्या सासऱ्यांना म्हणाल्या, “सगळं विचारलं होतं मी, मामंजी. बँडचं तेवढं राहून गेलं.”

आप्पाजींनी चटणी मागितली आणि म्हणाले, “ते माझ्याकडं होतं.”

त्या दिवशी संध्याकाळच्या बसनं परतताना अक्का खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर झोपलेल्या लेकीचं डोकं. दसऱ्याला मैसूरला जाणारा जो तो गर्दीची काळजी करत होता, आणि आमचा दसरा झालेला होता. मी त्यांना म्हटलं, अक्का, तुम्ही जिंकलात. त्या म्हणाल्या, जिंकायचं काय त्यात, फिरायला तर गेलो होतो. पण मान ताठ होती, आणि ती नेहमीपेक्षा थोडी जास्तच ताठ होती हे मी पाहिलं.

पुढच्या वर्षी एका नव्या डॉक्टरीणबाईंनी भार्गवीच्या अवस्थेला एक इंग्रजी नाव दिलं. रघुजींना ते ऐकून बरं वाटलं, निदान कुणी चुकलं नव्हतं हे कळलं. अक्कांनी नाव ऐकून घेतलं आणि डॉक्टरीणबाईंना विचारलं, अशी आणखी मुलं तुमच्याकडे येतात का, आणि त्यांची आईबापं त्यांना घेऊन कुठे जातात. कुठेच जात नाहीत, असं उत्तर मिळालं. ते उत्तर घेऊन अक्कांना घरी येता येईना. त्या तिथेच बाकावर बसून राहिल्या, आणि बाहेर पडणाऱ्या एका बाईशी बोलल्या. त्या बाईची मुलगी सोनम, शिवाजीनगरातच राहणारी. दुसऱ्या आठवड्यात ती बाई घरी आली, तिच्याबरोबर आणखी एक जोडपं आलं. अक्कांनी त्यांना कॉफी दिली आणि बेलूरच्या देवळात दुपारी कधी शुकशुकाट असतो ते सांगितलं.

सत्त्याण्णवच्या जुलैत एका बुधवारी तीन कुटुंबं आणि त्यांच्याबरोबर मी, असे एका छोट्या भाड्याच्या बसमधून बेलूरला गेलो. ड्रायव्हरला अक्कांनी निघण्यापूर्वीच बजावलं होतं की हॉर्नला हात लावायचा नाही, आणि त्यानं वाटेतल्या म्हशींनासुद्धा खिडकीतून हात करून बाजूला केलं. भर दुपारी, सगळे जेवायला गेले असताना आम्ही देवळात शिरलो. दगड पावसानं काळे झाले होते. सोनमची आई दारातच अडखळली. गेल्या सहा वर्षांत घरातलं एक माणूस मागे ठेवल्याशिवाय त्यांच्या घरचं कुणी कुठे गेलं नव्हतं, ती म्हणाली. दीर, सासू, नवरा, सगळे पुढे आत गेले होते आणि सोनम भिंतीवरच्या कोरलेल्या हत्तींच्या ओळीवरून बोट फिरवत निघाली होती. भार्गवी तिच्या एक पाऊल पुढे, तिला वाट दाखवत.

त्या बाईनं अक्कांना विचारलं, “एवढं तुम्हाला कसं जमलं हो?”

अक्का पायरीवर बसून सगळ्यांसाठी डब्यातलं चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, वाढत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

“जमलं न्हाई, केलं,” त्या म्हणाल्या आणि पहिलं ताट आप्पाजींना दिलं.